तिसऱ्या मीटरचा आकडा

चार्जर आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंना सगळी गल्ली आत्या म्हणते. शेजारच्या स्टुलावर बसून सोल्डरिंगचे टाके मारणारी भावजय तेवढी वन्सं म्हणते.

आत्यांचा व्होल्ट मोजायचा पिवळा मीटर मोठ्या कंपनीचा. पहिल्या पगारातून घेतलेला. वायरी बदलल्या, बटणावरची अक्षरं पुसली गेली, पण दुकानात शेवटचा शब्द त्याचाच.

त्या दिवशी टेबलावर शिंपीकाकांच्या बॅटरीवर चालणाऱ्या चाकांच्या खुर्चीचा चार्जर होता. काकांना चालता येत नाही. खुर्ची नेईल तिथवरच त्यांचं जाणं. तिच्या बॅटऱ्या पुन्हा फुगल्या होत्या.

"सांगून सांगून तोंड दुखलं," आत्या म्हणाल्या. "जास्त फिरतात, मग रात्रभर चार्जिंगला लावतात. बॅटरी तरी किती टिकेल?"

"आता कुठे फिरतात? तुम्ही दम दिल्यापासून दुकान आणि घर, एवढंच." भावजयीने पिशवीतून एक नवा मीटर काढला. "हा बघा. दोघींत एक मीटर पुरत नाही."

आत्यांनी डब्यावरचं नाव वाचायचा प्रयत्न केला. "जीभ मोडेल माझी. कुणाचा गं हा?"

"असेल कुणाचातरी. स्वस्त होता."

चार्जर लावला. पिवळ्यावर सत्तावीस पॉइंट चार, हवे तेवढेच व्होल्ट. नव्यावर एकोणतीस.

"घ्या! आल्या दिवशीच थापा. परत करून ये."

भावजय गेली आणि दुसराच कुठला तरी मीटर घेऊन आली. हाही अनोळखी, निळा. त्यावरही एकोणतीस.

आत्या हसल्या. "तुला बरे सगळे लबाड भेटतात!"

भावजय हसली नाही. "वन्सं, दोन लबाड एकमेकांना न भेटता एकच थाप कशी मारतील?"

आत्या उठल्या, समोरच्या वायरमनकडे गेल्या आणि त्याचा मीटर मागून आणला. पिवळ्याच्याच कंपनीचा, पण नवा कोरा. आता बघच, असा चेहरा करून त्यांनी वायरी टेकवल्या.

एकोणतीस.

त्यांनी वायरी उचलल्या, पुसल्या, पुन्हा टेकवल्या. एकोणतीस.

"आपला म्हातारा झालाय," भावजय हळूच म्हणाली. "कमी दाखवतो."

आत्या खाली बसल्या. पिवळा कमी दाखवत होता, म्हणून त्या प्रत्येक चार्जरचे व्होल्ट वाढवून ठेवत होत्या. आपल्याच हाताने, एवढासा स्क्रू फिरवून. बॅटऱ्या शिजत होत्या. आणि बोलणी काका खात होते.

"वन्सं, पाणी देऊ?"

"नको. काकांकडे चल."

शिंपीकाका साध्या लाकडी खुर्चीवर बसून काजं करत होते. आत्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मध्ये एक वाक्य अर्धं राहिलं, ते भावजयीने पुरं केलं.

काकांची सुई थांबली. "म्हणजे फिरण्याने काही होत नव्हतं?"

"नव्हतं."

"मी पुलापलीकडे लेकीकडे जायचं बंद केलं. ती म्हणायची, बाबा, या ना. मी म्हणायचो, बॅटरी जाते." ते आत्यांकडे बघत राहिले. "तिला वाटतं, जावयाशी माझं काही बिनसलंय."



"नव्या बॅटऱ्या मी घालते," आत्या म्हणाल्या. "चार्जर दुसरीकडून करून घ्या हवा तर."

"दुसरीकडे कुठे? तिथला मीटर कुणी तपासलाय?" काकांनी दोरा दातांनी तोडला. "तुमच्यावर मला रागवायचंय, आत्या. चांगलं पोटभर रागवायचंय. पण आधी तो चार्जर नीट करून आणा."

दुकानात आल्यावर आत्यांनी पेचकस हातात घेतला. तो स्क्रूवर बसेना. इतकी वर्षं न बघता बसायचा. भावजयीने निळा मीटर त्यांच्यापुढे सरकवला आणि पेचकस त्यांच्या हातातून काढून घेतला.

"मी फिरवते. तुम्ही फक्त आकडा वाचा."

"एकोणतीस," आत्या म्हणाल्या. "अठ्ठावीस पॉइंट दोन. हळू. अगं, हळू."