फळ्यावरचं मोठं नाव

"ते वाक्य त्या दिवशी फळ्यावर नसतं ना काकू, तर मी सटाण्याची एसटी पकडली असती."

शीतल हे आमच्या सरांच्या बायकोला सांगत होती. हातात चहाचा कागदी कप, कपाळावर औक्षणाचं ओलं कुंकू. मी दोघींच्या मागे सत्काराच्या टेबलावर शाल आणि नारळ मांडत होते. "बघ, एकेका वाक्यात काय ताकद असते," काकू म्हणाल्या. मी नारळाची शेंडी सरळ करत राहिले. सरळच होती ती.

ही गोष्ट मी त्या सत्काराच्या दिवसापर्यंत कुणाला सांगितली नव्हती. आईलाही नाही. आणि त्या दिवशी जे तोंडातून बाहेर पडलं, तेही अगदी थोडं. बाकीचं तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच जमेल बहुतेक.

गंगापूर रोडवरच्या एका अभ्यासिकेत मी काम करते. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं-मुली दिवसभर येऊन वाचत बसतात. त्यांचे प्रवेश, लॉकरच्या चाव्या, पंखा बंद पडला की इलेक्ट्रिशियनला फोन — हे सगळं माझ्याकडे. आणि रोज सकाळी दारातल्या फळ्यावर सुविचार लिहायचा, हेही माझ्याकडेच. अभ्यासिका चालवणाऱ्या सरांचा एकच नियम होता. "खाली नाव मोठं पाहिजे, मॅडम. बिननावाच्या सुविचाराकडे कुत्रं बघत नाही." भिंतींवरही मोठीच माणसं — उद्योजक, शास्त्रज्ञ, खेळाडू, सगळे हाताची घडी घालून उभे. पोरं आत येताना फळ्याचा फोटो काढायची, स्टेटसला टाकायची आणि मग अभ्यासाला बसायची. देवाला नमस्कार करून कामाला लागावं तसं.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठी बोललं की दंड व्हायचा. त्यामुळे मी मराठी लिहायला शिकले ती खरं तर त्या फळ्यावर — आणि शीतलमुळे. ती सटाण्याजवळच्या गावातून इथे परीक्षेच्या तयारीला आलेली, सगळ्यांच्या आधी हजर व्हायची. मी लिहीत असताना शेजारी उभी राहायची. माझी वेलांटी चुकली की बोटाने पुसून टाकायची आणि खडू माझ्याच हातात द्यायची. "तू कर. मी केलं तर तुला कधी यायचं?" मी कुणाशी फारशी बोलत नाही. शाळेतही बोलत नव्हते, कॉलेजमध्येही नाही. दुपारी गच्चीवर डबा खायला माझ्यासोबत कुणी बसलं असेल, तर ती एकटी शीतल.

एका सकाळी नेट बंद होतं. सुविचार शोधायचा कुठे? मीच एक वाक्य तयार केलं आणि खाली एका बड्या उद्योजकाचं नाव लिहिलं. त्याचं नाव इथे लिहीत नाही — त्या माणसाने काय केलंय? कुणाला काही कळलं नाही. उलट त्या दिवशी जास्त फोटो निघाले. एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "ह्या माणसाला लय समजतं राव." मी रजिस्टरमध्ये मान घालून बसले होते. मला काय वाटलं सांगू? शरम वाटली नाही. मजा वाटली. आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं कुणीतरी लक्ष देऊन ऐकत होतं. मग नेट असलं तरी मी शोधायचं बंद केलं. दर सकाळी एक खोटं वाक्य, खाली एक खरं नाव.

इथवर सांगितलेलं अजून हसण्यावारी नेता येईल. नाही का? मीही तेच करायचे. इथे थांबता आलं असतं तर — पण नाही.

शीतलला धाकटी बहीण आहे, पूनम. तेव्हा तिची बारावी नुकतीच झाली होती, तिला नर्सिंग करायचं होतं. एका शुक्रवारी गच्चीवर आम्ही डबा खात होतो आणि तिचा फोन आला. शीतलच्या हाताला पिठलं लागलं होतं म्हणून तिने स्पीकर लावला. पूनम रडत नव्हती. घाईघाईने बोलत होती, कुणी ऐकेल अशा भीतीने. दिंडोरीकडचं द्राक्षबागेवालं स्थळ आलं होतं. रविवारी पाहुणे येऊन सुपारी फोडणार होते. तुम्हाला माहीतच असेल, एकदा चार लोकांत सुपारी फुटली की मग कुणी शब्द मागे घेत नाही. "अक्का, तू ये ना वं," ती म्हणाली. "बाबा फक्त तुनं ऐकतस."

ते खरं होतं. मुलगी मोठी अधिकारी होणार म्हणून वडील शीतलपुढे थोडे दबून असायचे. फोनवर ते बोलणं टाळायचे, समोर आली की ऐकायचे. तिला फक्त जायचं होतं. परीक्षा महिन्यावर आली होती — पण दोन दिवसांचा तर प्रश्न होता.

शीतलने मला विचारलं, "जाऊ का गं?"

मी म्हटलं, "मला काय कळतं त्यातलं? तू ठरव."

म्हटलं हे, पण मनात काय चाललं होतं? गेली की ही अडकणार. भांडण होणार, वडील हिचंही शिक्षण बंद करणार, ही परत येणार नाही — आणि मी या गच्चीवर एकटी डबा खाणार. पूनमचा विचार? आला होता. तिचा आवाज कानात होताच. मी डब्याचं झाकण लावलं तसा तोही बंद केला.

तोंडावर "जाऊ नकोस" म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती. तसं म्हटलं असतं तर निदान तिने माझ्याशी वाद घातला असता. शनिवारी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर आले आणि फळ्यावर लिहिलं — "शिखराकडे निघालेल्या माणसाने मागून आलेल्या हाकेला वळुन पाहू नये." आणि खाली नाव निवडलं. हो, निवडलं. साडीला चार ब्लाउजपीस लावून पाहावेत तशी चार नावं त्या वाक्याला मनात लावून पाहिली. शीतलच्या लॉकरच्या आत ज्या माणसाचा फोटो चिकटवलेला होता, त्याचंच नाव लिहिलं.

ती आली तेव्हा तिच्या खांद्यावर कपड्यांची पिशवी होती. म्हणजे निघालीच होती. फळ्यासमोर थांबली. वाचलं. मग बोट पुढे करून 'वळुन'मधला चुकलेला उकार पुसला आणि खडू माझ्या हातात दिला. मी दुरुस्त केला. तिने पुन्हा वाचलं, पहिल्यापासून. पिशवी लॉकरमध्ये ठेवली आणि आत जाऊन बसली.

त्या दुपारी डब्यातली भाजी मी चवीने खाल्ली. बाकीच्या सगळ्यापेक्षा ते जास्त किळसवाणं आहे.

सुपारी फुटली, लग्न झालं. हळदीला शीतल गेली तेव्हा पूनमने तिच्याकडे पाहिलं नाही. नंतर फोन उचलणंही बंद केलं. पूनम सुखात नाही असं मला कुणी सांगितलेलं नाही. सुखात आहे असंही नाही. आणि मला ते माहीत असण्याचा काय अधिकार आहे?

शीतल पास झाली. गेल्या रविवारी अभ्यासिकेत तिचा सत्कार झाला. पूनमला तिने स्वतः निरोप धाडला होता. पहिल्या रांगेत रुमाल टाकून एक खुर्ची धरून ठेवली होती. कार्यक्रम सुरू झाला, हार झाले, सरांचं भाषण झालं, तरी ती खुर्ची रिकामीच. मग शीतल बोलायला उभी राहिली आणि तिने ते वाक्य म्हणून दाखवलं, त्या माणसाच्या नावासकट. "या वाक्याची मी किंमत मोजली आहे," ती त्या खुर्चीकडे बघत म्हणाली. "पण इतका मोठा माणूस सांगतोय म्हटल्यावर ते बरोबरच असणार." लोकांनी टाळ्या वाजवल्या. समोरची मुलं वाक्य लिहून घेत होती. मीही टाळ्या वाजवल्या. माझे हात वाजत होते आणि मला ते कापून टाकावेसे वाटत होते.

कार्यक्रम संपला तसे सर म्हणाले, "मॅडम, तेच वाक्य फळ्यावर घ्या. शीतलचा त्याच्यासोबत फोटो काढू."

मी खडू घेतला. शीतल शेजारी येऊन उभी राहिली, पूर्वीसारखी. "आज 'वळून' नीट लिही हं," ती हळूच म्हणाली आणि हसली. मागे पोरं मोबाइल धरून उभी होती. मी वाक्य लिहिलं. एकही चूक केली नाही. खाली नावाची जागा उरली. हात तिथपर्यंत गेला आणि थांबला.

"थांबलीस का?" शीतल म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. आवाज माझा नेहमीचाच होता, बारीक, पण मागे सगळे गप्प असल्याने तो ऐकू गेला असावा.

"हे त्यांनी कधीच म्हटलेलं नाही, शीतल. हे मी बनवलं होतं. तू पूनमकडे जाऊ नयेस म्हणून."