सोनारीच्या घरात दोन पाहुणे

मंगळवार, २० मार्च १९७३, सकाळचे पावणेसहा. तांब्यात निखारे घालून मी शर्टाला इस्त्री करत होतो. कॉलरची एक बाजू राहिली होती, तेवढ्यात आई फडक्यात बांधलेली चिंच घेऊन आली. म्हणाली, "ही दे त्यांना. शिजवलेलं काय देत न्हाय म्या. कसलं घर हाय, घेत्याल न घेत्याल."

आम्ही बेंबळीचे. छप्पन्न सालापासून आमच्या घरी देव नाहीत, भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. मी नववीत शाळा सोडली. माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडत नाही, म्हणून गावच्या सोसायटीत पत्रे नकलून देण्याचे काम मिळाले. दुष्काळी कामांवर मदत करायला आलेला येन्स नावाचा डेन्मार्कचा विद्यार्थी उस्मानाबादेत राहत होता. त्याला चार दिवस एखाद्या शेतकऱ्याच्या घरी राहायचे होते. परंडा तालुक्यातल्या सोनारीच्या बापूंनी, म्हणजे तिथल्या सोसायटीच्या एका संचालकांनी, हो म्हटले. दुभाषा म्हणून आमच्या चेअरमन अण्णांनी मला नेमले.

"दोन पाव्हणे येतेत, असं कळवलंय," अण्णा म्हणाले.

"अण्णा, माझं कळवलं का? आम्ही कोण ते?"

अण्णांनी सुपारी कातरता कातरता बाहेर पाहिले. "चार दिवसांचा तर प्रश्न हाय, प्रल्हाद. बघ तुझं तू."

ते चार दिवस मी कुठे बसणार, कशात जेवणार, पाणी कोण आणि कसे देणार, याचा विचार करतच मी एस.टी.त चढलो.

कुणाला हा प्रवास करायचा असेल तर सांगतो. बेंबळीहून सकाळच्या गाडीने उस्मानाबाद ऐंशी पैसे, तिथून बार्शी दोन रुपये दहा, बार्शीहून परंडा एक रुपया दहा. खिडकीची जागा मिळाली तर डाव्या बाजूची घ्या, उन्हाचा त्रास कमी होतो. नाकाला रुमाल हवाच, आणि पाण्याची बाटली भरून घ्या, कारण स्टँडावरचे नळ कोरडे आहेत. बार्शीला चहा पंधरा पैसे, आणि आले घालतात.

येन्स उस्मानाबादच्या स्टँडावर भेटला. सव्वासहा फूट उंच, नाकाचे कातडे सोललेले. पाच महिन्यांत तो कामापुरते मराठी शिकला होता. माझे इंग्रजी लिहायला बरे, बोलायला अडते. त्यामुळे आमचे बोलणे निम्मे हातवाऱ्यांनी होई. इथे मी ते सरळ करून लिहितो.

परंड्याला बापूंची बैलगाडी आली होती. गाडीवानाने कडब्यावर पोते टाकले होते. त्यावर आम्ही आडवे झालो आणि दुपार अंगावरून हळूहळू सरकू लागली. दोन्ही बाजूंना पेरलेच नाही असे रान, मधूनच एखादी निष्पर्ण बाभूळ, आणि लांब रस्त्यावर चकाकणारे तळे. गाडी पुढे जाई तसे ते तळेही पुढे जाई. बैलांच्या घुंगरांचा आवाज झोपेत शिरत होता आणि तेवढ्यात येन्स अमेरिकेचे सांगू लागला.

शाळेत असताना तो एक वर्ष अमेरिकेत राहिला होता. कॅन्सस नावाच्या सपाट मुलखात एका शेतकऱ्याचे घर त्याला मिळाले होते. ज्यांना नात्याने कुणी लागत नाही अशा माणसांकडे वर्षभर राहायचे. घरधणीण बेट्टी. पहिल्या दिवशी तिने थंड कपाट दाखवले आणि सांगितले, भूक लागेल तेव्हा यातले घे. "आमच्याकडे कुणी वाढल्याशिवाय घेत नाहीत," येन्स म्हणाला. "मी वाट बघत बसलो. पँट ढिली झाली. बेट्टी डॉक्टरला बोलवायला निघाली."

गाडीवान हसला. "आन् आमच्याकडं पुरं म्हटलं तरी वाढत्यात. फुटशील लेका."

येन्सबरोबर गेलेली त्याच्या गावची एक मुलगी शहरात मोठ्या घरी होती. तिला वेगळी खोली, वेगळा रेडिओ, कशाला हात लावू देत नसत. ती वर्षभर पाहुणीच राहिली आणि रडत राहिली. येन्सला मात्र तिसऱ्या आठवड्यात बेट्टीने ओरडून सांगितले, की आजपासून रात्रीची भांडी तुझ्याकडे. "त्या दिवशी मी त्या घरचा झालो," तो म्हणाला आणि टोपी तोंडावर ओढून झोपला.

मी जागाच होतो. पुढचे तळे पळत होते. मला वाटले, कॅन्ससला जाणाऱ्या गाडीतून मीच चाललो आहे. तिथे दारात कुणी बाई उभी आहे, तिला आमचे आडनाव सांगूनही काही कळणार नाही. फार गार वाटले.

बापूंचे घर वेशीपासून जवळ. दगडी ओसरी, आत स्वयंपाकघर, मागे रिकामा गोठा. गुरे मुलाबरोबर छावणीवर पाठवली होती, सून घरात होती. बापू उंच, कमी बोलणारे. त्यांच्या बायकोला सगळे गाव काकू म्हणते, ती मात्र त्यांच्या वाट्याचेही बोलते.

"या या! दोघंच? का हा उंच धरून तीन मोजायचे?"

हातपाय धुवायला तिने एकच तांब्या दिला, तोही दोघांत. गावात एक दिवसाआड टँकर येई आणि जुन्या विहिरीत पाणी सोडी. बायका ते शेंदून नेत. चिंच तिने घेतली, वास घेतला, छान आहे म्हणाली. गावाचे नाव विचारले. आडनाव विचारले नाही.

ओसरीवर तीन पितळी ताटे मांडली. रेशनवर येणाऱ्या मिलो नावाच्या लाल परदेशी जोंधळ्याची भाकरी, हुलग्याचे माडगे, ठेचा. येन्सने भाकरी मोडली, वास घेतला, आणि पोत्यात उरलेले दाणे बघायला मागितले. दाणा हातात घेऊन तो म्हणाला, "मायलो! हा कॅन्ससचा. बेट्टीच्या शेतात हाच." बेट्टी कोण ते मी काकूला सांगितले.

"आगं बया! म्हंजे ह्याच्या अमेरिकेतल्या आईनं धाडलंय व्हय? मग तिकडं कशी करत्यात भाकरी, विचार की."

मी विचारले. येन्सचा चेहरा लाल झाला. तो हळूच मला म्हणाला, तिकडे हे गुरांना घालतात. हे मराठीत कसे सांगावे ते सुचेना.

"का रं, बोलंना गेलास?" काकू म्हणाली. "गुरांचं हाय ना? आमाला ठाऊक हाय. पर आमचा बैल त्येला तोंड लावीना. त्यो अमेरिकेला गेला न्हाय ना कधी."

बापूंनाही हसू आवरले नाही. इतके चांगले जेवण मी जेवलो, पण प्रत्येक घासाला वाटत होते, ह्यांना माहीत नाही म्हणून हे चालले आहे.

बुधवारी सकाळी पाझर तलावाच्या कामावर गेलो. माणसांच्या रांगा, टोपल्या, आणि वर उडालेली माती इतकी मऊ की उन्हात तिचा पडदा झाला होता. त्यातून चालणारी माणसे पाय नसल्यासारखी तरंगत होती. येन्स टोपल्या उचलायला रांगेत शिरला. परतताना काळभैरवाच्या देवळाशी थांबलो. येन्स बापूंबरोबर आत गेला. मी बाहेर चिंचेखाली बसलो. वानरे आली, माझ्याकडे काही नाही हे बघून तीही शेजारी बसली. आत जाताना बापूंनी का येत नाही असे विचारले, तेव्हा मी म्हणालो, "आमच्याकडं देव न्हाईत." ते पायताण काढून आत गेले.

आता मला राहवेना. दुपारी ते दोघे सोसायटीत गेले. काकू सुपात मिलो पाखडत होती.

"काकू, तुम्ही माझं आडनाव विचारलं न्हाय."

"सांग की मग."

सांगितले. आम्ही बौद्ध आहोत, हेही सांगितले. सुपाचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तिने सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "काल का न्हाय बोललास?"

"तुम्ही विचाराल असं वाटलं."

"म्या कशाला विचारू? शिकलेलं पोरगं, इस्त्रीचा शर्ट." तिने सूप उचलले आणि ती आत गेली.

संध्याकाळी दोन पितळी ताटे आली आणि माझ्यापुढे एक जर्मनची, म्हणजे अल्युमिनियमची, ताटली, काठ चेपलेली. पाणी काकूने वरून ओतले, मी ओंजळीने प्यालो. आमटीत चिंच आमचीच होती. बापू खाली बघून जेवत होते. येन्सने माझी ताटली पाहिली.

"तुला वेगळी का?"

"ताटं कमी असतील," मी इंग्रजीत म्हणालो.

जेवण झाले. मी माझी ताटली धुवायला उचलणार तोच येन्सने ती घेतली. बापूंचे ताट घेतले, आतून काकूचे आणि सुनेचे घेतले, सगळी एकात एक ठेवून परसात बसला आणि राखेने घासू लागला. काकू ओरडली, "आरं, पाव्हणा भांडी घासतुया! बघा की वं कुणीतरी!" बापू उठले. येन्सने राखेचा हात वर करून सांगितले, "मी घरचा. बेट्टी पण हेच." भांडी त्याने एकाच बादलीत विसळली आणि स्वयंपाकघरात जाऊन फळीवर ओळीने लावली. माझी ताटली मधे कुठेतरी गेली.

मी ओसरीवर, बापू आणि काकू आत. सगळे ऐकू येत होते.

"समदी इस्तवावर धर," बापूंचा आवाज.

"अन् इसळू कशानं? तळाशी घागरभर उरलंय. ते पिऊ का भांड्यावर घालू?"

"मंग त्याची तेवढी येगळी काढ."

"ताटली काढते. पर बादली एक, हात एक, राख एक. त्यातलं त्येचं कुठलं आन् तुमचं कुठलं, तुमीच निवडा. म्या जाते झोपाया."

सकाळी न्याहारीला काकूने फळीवरून हाताला येतील तशी ताटे काढली. येन्सपुढे पितळी. माझ्यापुढे पितळी. चेपक्या काठाची ताटली बापूंपुढे आली. बापूंनी तिच्याकडे पाहिले, मग काकूकडे. काकू आतल्या चुलीत फुंकर घालत होती.

"ठेचा वाढ," बापू म्हणाले, आणि भाकरी मोडली.

मी खाली बघून जेवत होतो. येन्स मात्र खूश होता, रात्रीचे त्याचे काम आता पक्के झाले म्हणून.

टँकर येऊन गेल्यावर काकूने एक घागर स्वतः घेतली, एक माझ्या हातात दिली. "नुसता बसून जेवतूस. चल." विहिरीवर गर्दी होती. एक बाई मोठ्याने म्हणाली, "काकू, पाणक्या ठिवला का गं?"

"पाव्हणा हाय माझा. तुझ्या घागरीला शिवला का?"

"न्हाय बया."

"मंग तुझी भर."

पाणी शेंदले तिनेच, दोर माझ्या हातात दिला नाही. मला तो हवा होता, हेही लिहून ठेवतो. भरलेली घागर मी खांद्यावर घेतली. पाणी मानेवर हिंदकळत होते, ऊन पांढरे झाले होते, आणि पाय आपोआप चालत होते. घरी आलो. माठ स्वयंपाकघरात, चुलीच्या पलीकडे. उंबऱ्याशी मी थांबलो.

काकू आतून म्हणाली, "आता तिथनं फेकून मारतूस का पाणी? ये की आत."

मी आत गेलो आणि माठ भरला. गुरुवारी, शुक्रवारी आणि शनिवारी निघण्याआधीही मीच भरला. त्या दुपारपासून आमची ताटेही आतच मांडली.

परतीच्या वाटेवर बार्शीला खानावळीत थाळी घेतली. येन्सने ताटलीचे पुन्हा विचारले. या वेळी मी खरे सांगितले. तो जेवायचा थांबला.

"मग मी भांडी धुतली ते चुकलं?"

"चुकलंच."

"काकूला त्रास झाला?"

"झाला असेल. गावात बोलत असतील तिला."

त्याने दोन्ही थाळ्यांचे पैसे दिले आणि आम्ही स्टँडाकडे निघालो. पुढे बसमध्ये मी डोळे मिटले तेव्हा घागर अजून खांद्यावरच होती.

घरी बाप वाकळेवर बसून होते. त्यांनी एवढेच विचारले, "जेवलास कुठं?"

"पहिल्यांदा ओसरीवर. नंतर आत."

"आन् पाणी?"

"मीच भरत होतो, त्यांच्या माठात."

बापाने मला ते दोनदा सांगायला लावले. आई म्हणाली, विहिरीचा दोर दिला का? नाही म्हटल्यावर तिने मान हलवली आणि माझा शर्ट भिजत घातला.

सोमवारी सोसायटीत हिशोब दिला. अण्णांनी आठ रुपये वेगळे काढून ठेवले होते. म्हणाले, "तुला तिथं कुणी जेवायला घातलं न्हाय तर हॉटेलात जेवशील, म्हणून रोजचे दोन धरले होते. घे, समदेच घेत्यात." मी घेतले नाहीत. अण्णा म्हणाले, तसे लिहून दे. ते असे लिहिले:

उचल दहा रुपये. एस.टी. जाऊन-येऊन आठ रुपये. बार्शीस चहा दोन, तीस पैसे. सोनारी मुक्कामी जेवण घरात मिळाले, खर्च नाही. एकूण खर्च आठ रुपये तीस पैसे. शिल्लक एक रुपया सत्तर पैसे भरणा केली.

माझे खासगी देणे, येन्सला बार्शीच्या थाळीचा दीड रुपया. तो राहू दे म्हणतो. मी उस्मानाबादला जाईन तेव्हा देणार आहे.