आईच्या दाढेतला मोती

बेल्ह्याच्या बैलबाजारादिवशी आळेफाट्यावरच्या आमच्या दातांच्या दवाखान्यात एक तरी शेतकरी गाल धरून यायचा. बाहेर टेम्पोत बैल उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि हा म्हणायचा, "डॉक्टर, उपटून टाका एकदाची." गाडगे सर चिमट्याला हातच लावायचे नाहीत. "बैलाला थांबू द्या, पावणं. बैल दुसरा मिळंल, दाढ न्हाई मिळायची," म्हणत ते दाढ साफ करून भरून द्यायचे. शिकून आल्यावर मी त्यांच्या हाताखाली लागले, ती हे बघूनच.

त्यांना एक नाद होता. काढाव्याच लागलेल्या दाढा ते जपून ठेवत, दगडावर पाण्यात घासून कागदाएवढ्या पातळ करत आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसत. इनॅमल म्हणजे दाताच्या माथ्यावरचं कवच. क्वचित कुणाच्या मुळांच्या बेचक्यात त्याचा मण्यासारखा थेंब उगवतो, त्याला मोती म्हणतात. "एकदा मोती घावू दे राव, मग लई मजा!" सर म्हणायचे आणि मी हसायचे.

गेल्या वर्षी आणे गावाहून माझी आई दाढ ठणकते म्हणून आली. एक्स-रेत मुळांच्या बेचक्यात पांढरा ठिपका होता. सर बराच वेळ बघत राहिले. "कीड पार शिरंला भिडलीय. काढावी लागंल." मला ती तेवढी खोल वाटत नव्हती, पण सर म्हणतात म्हटल्यावर मीही मान डोलावली. आई म्हणाली, "डॉक्टर म्हणत्यात तर काढा."

आठवड्याने सरांची हाक आली, "सुनंदा, ये लवकर!" भिंगातून आईच्या दाढेचा पातळ काप पाहिला आणि हरखलेच. माथ्यावरच्या इनॅमलचे बारीक दांडे शिस्तीत वर निघालेले. मोत्यात मात्र ते वळसे घेत एकमेकांत गुंतलेले, वाढीच्या रेषा कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकीवर एक. मग मी काच सरकवली. कीड वरच्यावरच थांबली होती. तिच्या आणि शिरेच्या मध्ये निरोगी दाढेचा जाड थर होता.

"सर, ही वाचली असती."

"वाचली असती की. पर मंग हे दिसलं असतं का?"

त्यांनी आईला फसवलं, तेही माझ्या भरवशावर. त्यांनी वाचवलेल्या दाढा आठवल्या तरी आता तोंड कडू होतं. त्याच दिवशी मी तो दवाखाना सोडला.

आई आता एकाच बाजूने चावते. तिला मी काही सांगितलेलं नाही. परवा तिने मटकीची पिशवी माझ्या हातात दिली. "तुझ्या सरांना दे. देवमाणूस. येळेवर काढली, म्हणून सुटले बाई."

मी पिशवी घेतली.