अंगाबेताची आफ्रिका

प्रवासवर्णनात लघवीबद्दल कोणी लिहीत नाही. मला लिहावं लागेल, कारण माझा सगळा प्रवास तिच्यावरच बेतलेला होता. ज्यांना कसंसं वाटतं त्यांनी पान उलटावं.

आम्ही दोघी आमच्या केशोरी गावाहून आफ्रिकेला निघालो तेव्हा कापलेलं धान बांधीत (धानाच्या शेतात) आडवं पडलं होतं. दोघी म्हणजे मी आणि माझी धाकटी जाऊ सुमन. नवरे दोघींचेही गेले, आमची भांडणं तेवढी शिल्लक आहेत. मी चौथी शिकले, गावात ब्लाऊज शिवते. खर्च माझा होता. किती, ते विचारू नये.

कोहमाऱ्याच्या ढाब्यावर जीप चहाला थांबली. सुमन बशीत फुंकर घालत म्हणाली, "बाई, हत्तीसाठी येवढ्या दूर कायले? हत्ती तं आपल्या गावातच आले होते."

"आले होते. तू पायले का?"

"कशी पाहीन? पळालो ना वं आपण."

तेच तर. छत्तीसगडकडून हत्ती आले तेव्हा आम्ही सगळे शाळेच्या स्लॅबवर चढून बसलो होतो. उतरलो तेव्हा तुडवलेलं धान आणि टोपलीएवढी लीद, एवढंच उरलं होतं. इतकं मोठं जनावर दारात येऊन गेलं आणि मी त्याला पाठ दाखवली, हे मला पटलं नाही. हत्ती समोर उभा असावा, मी बसलेली असावी आणि दोघांनाही घाई नसावी, असं मनात होतं. टीव्हीवर आफ्रिकेत तसं दिसत होतं.

अडचण एकच. मला तासातासाला जावं लागतं. म्हणून आफ्रिकेचं ठरवण्याआधी जवळच्या नागझिऱ्याच्या जंगलात तालीम केली होती. जिप्सीत आमच्यासोबत नागपूरचं एक कुटुंब होतं. अर्ध्या वाटेत मी गाइडला सांगितलं. तो म्हणाला, "आजी, जंगलात उतरू देत नाहीत." गाडी गेटकडे परत वळवावी लागली. नागपूरची बाई म्हणाली, "एवढं होतं तर घरीच बसायचं." तिचं खरं होतं. तिची सफारी वाया गेली. पण मला घरी बसायचं नव्हतं.

मग गोंदियाला ट्रॅव्हलवाल्याकडे गेले. त्याने रंगीत कागद पुढे सरकवला.

"माताजी, ग्रुप टूर लीजिए. तीन जंगल हैं, सब सेट है."

"मेरे को घंटे-घंटे में पेशाब लगती है. उसका क्या सेट है?"

तो पंख्याकडे पाहू लागला. मी त्याला समजावलं की ग्रुप टूर म्हणजे बाजारातला तयार ब्लाऊज. जाडीला काखेत काचतो, बारकीच्या खांद्यावरून घसरतो. मी जन्मभर अंगाबेताचं शिवलं, मला अंगाबेताचंच पाहिजे. मग आम्ही बसून बेत केला. तीन जंगलांपैकी दोन कापून टाकली, हत्ती जास्त असलेलं टांझानियातलं तरंगिरे तेवढं ठेवलं. गाडी फक्त आम्हा दोघींची. मुक्काम जंगलाच्या आतच, म्हणजे लांब पळापळ नको. सुमनला दोन्ही वेळा भात. आणि माझी अडचण ड्रायव्हरला आधीच स्पष्ट सांगायची.

"ये भी बताऊं?" त्याने विचारलं.

"ये सबसे पहले बताना."

मुलगा फोनवर म्हणाला, "आई, डायपर घाल." मी म्हटलं, "तू घाल."

आमच्याकडे रोवणीला (धानाच्या लावणीला) बाया बांधीवर एकमेकींना लुगड्याचा आडोसा धरतात. गाडीत कोण धरणार? मी जुनं लुगडं काढलं आणि एक घेर शिवला. गळ्याला इलॅस्टिक, खाली पायांपर्यंत मोकळा, आत बाई आणि बादली दोन्ही मावतील एवढा. सवयीने खिसाही लावला.

विमानाचं काही सांगण्यासारखं नाही. तिथे संडास आहे, मला ते आवडलं.

आरुषा गावी जुमा नावाचा ड्रायव्हर आम्हाला घ्यायला आला. गुजराती दुकानदाराकडे काम केल्यामुळे त्याला तोडकीमोडकी हिंदी येत होती. त्यांची भाषाही अगदीच परकी नाही. गाडीला गारी म्हणतात, दुकानाला दुका, चहाला चाई. सुमनला वाली (भात) हा शब्द पहिल्याच जेवणात पाठ झाला. उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) तिने बोटाने दाबून पाहिली आणि माझ्या ताटात टाकली. मला आवडली. भाजीबरोबर पोटाला आधार होतो.

जंगलाच्या वाटेवर जुमाने आपण होऊनच गाडी थांबवली. "माताजी, कुचिंबा दावा?" दावा म्हणजे दवाच. औषध खणायला जाणार का, असं तो विचारत होता. वाटेत झुडपामागे जायचं असलं की तिकडे असं म्हणतात. मी म्हटलं, या माणसाला नीट सांगितलेलं दिसतं.

तरंगिरेत गोरखचिंचेची झाडं आहेत. खोड एवढं जाड की आमचं स्वयंपाकघर आत मावेल. झेब्रे भरपूर, आपल्याकडे गाई असतात तसे. जिराफ पाणी प्यायला पाय फाकवतो तेव्हा बेढब दिसतो. सिंह झोपलेला होता, तो झोपलेलाच राहिला. हत्ती मात्र दूर. दोनदा जवळ येऊ लागले आणि दोन्ही वेळा माझी वेळ झाली. जुमाने गाडी संडासाकडे पळवली, परत येईपर्यंत धूळ उरली होती. बादली गाडीत होती, घेर पिशवीत होता, पण परक्या पुरुषासमोर माझी हिंमत झाली नाही. सुमन म्हणाली, "आता संडासच पाहून जाऊ का आफ्रिकेचे?"

शेवटच्या सकाळी नदीकाठी अख्खा कळप आमच्या गाडीभोवती आला. पुढे हत्ती, मागे हत्ती. जुमाने इंजिन बंद केलं आणि हाताने खुणावलं, हलायचं नाही.

आणि मला लागली.

"आताच वं?" सुमन कुजबुजली.

"आताच."

"थांब ना जरा."

"तू थांबून दाखव."

मी पिशवीतून घेर काढून डोक्यातून घातला. जुमाने टोपी डोळ्यांवर ओढली आणि तोंड पुढे वळवलं. सुमनने बादली सरकवली. मी बसले. तेवढ्यात एक हत्तीण पिल्लाला घेऊन माझ्या खिडकीशी आली. पापणीचे केस मोजता येतील इतकी जवळ. ती माझ्याकडे पाहत होती, मी तिच्याकडे. मग तिने शेपूट जरा बाजूला केली आणि कालव्याचं दार उघडावं तसं सोडलं.

"पाय बाप्पा," सुमन म्हणाली, "तिले आडोसा बी नाही लागत."

जुमाला मराठी येत नाही, पण त्याचे खांदे हलत होते. मी उठले नाही. पिल्लू आईच्या पोटाखाली दूध प्यायलं, मोठ्यांनी अंगावर माती उडवली, एकाने झाडाला पाठ घासली. सगळं पाहिलं. जाताना कळप आपल्या मर्जीने गेला. त्याच्या आधी मी निघाले नाही.

परत आल्यावर बाया ब्लाऊजच्या निमित्ताने यायच्या. सिंह होता का, काय खाल्लं, काळे लोक कसे आहेत. मी सांगायची, आपल्यासारखेच आहेत, आपण काय गोरे आहोत? सुमन मात्र प्रत्येकीला बादलीचीच गोष्ट सांगत होती.

एकदा सगळ्या उठून गेल्या तरी शेजारची वच्छला बसून राहिली. तिची लेक नागपूरला असते. नातू झाला तेव्हाही वच्छला गेली नाही. मायलेकीचं बिनसलं असं गावात म्हणतात, मीही म्हणायची.

"तो घेर मले बी शिवून दे," ती म्हणाली. "गडद रंगाचा घेजो."

"बसमध्ये घेराचा उपयोग नाही. गाडी करावी लागेल. कधीपासून आहे तुला?"

"धाकट्याच्या बाळंतपणापासून."

मी मशीन बाजूला सारली. आम्ही दोघी नागपूरचा रस्ता बेतायला बसलो. कोहमाऱ्याला ढाबा आहे, तिथे एकदा. साकोलीला एकदा. मग भंडारा.

"आन् लाखनीले?" वच्छलाने विचारलं.

"लाखनीलाही."