बाळूच्या पोटातला फुगा

शकूचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत दाढी करत होतो. "दादा गेला," ती म्हणाली. मी सहज विचारलं, "कुठे?" पलीकडून तिचा हुंदका ऐकू आला आणि अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी चपला शोधू लागलो. या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. पण बाळू गेला म्हणजे कुठेतरी जेवायला गेला, याहून दुसरा अर्थ आम्हा मित्रांना कधी शिवलाच नव्हता. त्याला जाऊन आता दीड महिना होईल.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात आम्ही एकाच पाळीत लागलो, ते नव्वद सालच्या आगेमागे. तो बॉयलरवर, मी टर्बाइनवर. नाव बाळू आणि वजन एकशे बावीस किलो. कंट्रोल रूममध्ये त्याच्यासाठी बिनहातांची खुर्ची मागवली होती, कारण हातांच्या खुर्चीत तो बसला की उठताना खुर्चीही त्याच्याबरोबर उठायची. कॅन्टीनमध्ये वड्यांचा घाणा पडला की आम्हाला घंटेने कळे, त्याला आधीच कळलेलं असे. जाडेपणाबद्दल कुणी काही बोललं तर रागवायचा नाही. "बॉयलर मोठा आहे, कोळसा लागणारच," असं म्हणून पुढचा वडा उचलायचा. त्याची बायको, आमच्या मंगलवहिनी, बोलून बोलून थकल्या होत्या. गुडघ्यांमुळे खाली बसवेना, तेव्हा त्याने व्यायामाऐवजी घरात कमोड बसवून घेतला.

शकू त्याची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती, आणि तिची वेणी घालायचं काम चौदा वर्षांच्या बाळूकडे आलं. ती वेणी नेहमी डाव्या कानाकडे वळायची, असं शकू सांगते. पुढे ती घोटीला दिली. नवऱ्याची भाताची गिरणी, सगळं छान चाललेलं. आणि पस्तिशी ओलांडते न ओलांडते तोच तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी ती नाशिकला यायची. बाळू सुट्टी टाकून, पाळी बदलून, काहीही करून तिथे बाहेरच्या बाकावर बसायचा. चार-चार तास. समोर सामोसेवाला असूनही त्याने एकदाही तिकडे पाहिलं नाही, तेव्हा प्रकरण किती गंभीर आहे ते मला समजलं.

किडनी मीच देणार, हे त्याने कुणाला न विचारता ठरवून टाकलं. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही जुळल्या. मी सोबत होतो. डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, "किडनी झकास आहे. पण या वजनाच्या माणसावर असं ऑपरेशन करणं धोक्याचं. तीस किलो कमी करून या."

"साहेब, किडनीचं वजन किती असतं हो?" बाळूने विचारलं.

"असेल दीडशे ग्रॅम."

"मग दीडशे ग्रॅमसाठी तीस किलो?"

डॉक्टर हसले, पण कागदावरचा आकडा काही बदलला नाही.

मग सुरू झाला उपासाचा आणि चालण्याचा कार्यक्रम. रोज सकाळी आम्ही दोघं नाशिकरोडच्या दिशेने चालत निघायचो. जाताना बाळू दुधीभोपळ्याच्या रसाचे गुण सांगायचा आणि येताना त्याला चक्कर यायची. ती नेमकी भजीच्या गाडीसमोर यायची. महिनाभराने वजन एक किलोने उतरलं. वहिनी म्हणाल्या, "या खेपेला चपला काढून उभे राहिलेत ते." त्या दिवशी मात्र तो हसला नाही. कॉलनीच्या फाटकापाशी थांबून मला म्हणाला, "मला जिभेला ब्रेक नाही रे. शकू मरेल माझ्या भजीपायी."

त्याच डॉक्टरांनी फुग्याचा मार्ग सुचवला. मुंबईला जायचं, तोंडातून दुर्बिणीबरोबर एक मऊ फुगा पोटात सोडायचा आणि आत गेल्यावर तो सलाईनच्या पाण्याने फुगवायचा. सहा महिने फुगा आत राहणार, मग तसाच तोंडावाटे काढणार. कापाकापी नाही. बाळूने लॉगशीटच्या मागच्या बाजूला आकृती काढून अख्ख्या पाळीला समजावलं, "टाकीत मोठा दगड ठेवला की टाकी थोड्या पाण्यात भरते. तसंच." कुणी विचारलं, नदीत पडलास तर तरंगशील का? कुणी विचारलं, टाचणी लागली तर? त्यावरही उत्तर होतं. फुग्याच्या पाण्यात निळा रंग घातलेला असतो. फुगा फुटला तर लघवी निळी-हिरवी होते. तसं दिसलं की ताबडतोब मुंबई गाठायची.

फुगा आत बसल्यावर पहिले तीन-चार दिवस भयंकर गेले. पाण्याचा घोटसुद्धा आला तसा परत. "नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा विसरले," असं तो ओकता ओकता म्हणाला. पण मग पोट सावरलं. अर्धी वाटी वरण-भात खाल्ला की हा माणूस ढेकर देऊन उठायला लागला. कॅन्टीनवाल्याला वाटलं, आपला वडा बिघडला. चार महिन्यांत बाळू एकवीस किलो उतरला. त्याची पँट कमरेला धरून ठेवण्यासाठी त्याला एक हात कायमचा राखून ठेवावा लागे.

आणि एका रविवारी सकाळी तो माझ्या दारात उभा. चेहरा पांढराफटक.

"निळी झाली," म्हणाला.

मी शर्टाची बटणं लावत गाडी काढली. वहिनी देवळात गेल्या होत्या, त्यांच्यासाठी शेजारी निरोप ठेवला. वाटेत बाळू शेजारी आखडून बसलेला. पोटावर दोन्ही हात, जणू आतलं काहीतरी सांडेल. वाडीवऱ्हे मागे पडल्यावर एकदम रडायलाच लागला. "आता परत पहिल्यापासून... तोवर ती टिकेल का रे?" पंधरा वर्षांच्या दोस्तीत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. मी गाडी आणखी जोरात हाणली.

घोटीच्या अलीकडे माझा मोबाईल वाजला. वहिनी होत्या. "अहो, कुठे पळवलंत त्यांना? फ्लशच्या टाकीत मी काल निळी वडी टाकलीय! संडासात पाणीच निळं येतं!"

मी गाडी बाजूला घेतली. बाळूला सांगितलं. तो असा हसला, असा हसला की फुगा आता खरोखरच फुटतो की काय, याची मला धास्ती पडली.

घोटीपर्यंत आलोच होतो, म्हणून शकूकडे गेलो. आम्ही नको नको म्हणत असताना तिने भात वाढला. घरच्या गिरणीचा, वाफाळता, वर तुपाची धार. बाळूने चार घास खाल्ले आणि ताट सरकवलं. शकू बघतच राहिली. "दादा, तू भात टाकलास?" ती म्हणाली. "माझ्यासाठी लय करतोयस रे..." बाळू म्हणाला, "गप. मीठ कमी पडलंय, म्हणून टाकला."

फुगा निघाला तेव्हा काटा नव्वदवर होता. ऑपरेशन झालं, दोघंही सुखरूप घरी आले. घेर पुन्हा थोडा वाढला, वडे परतले, पण वजन एकशे पाचच्या पुढे त्याने जाऊ दिलं नाही. चार वर्षांनी सकाळी चहा पिताना त्याचं हृदय थांबलं. किडनी देण्याशी त्याचा संबंध नाही, असं डॉक्टरांनी शकूला तीनतीनदा सांगितलं. तिला ते अजून पुरतं पटलेलं नाही.

नव्या किडनीला पाणी भरपूर लागतं. शकूला ते प्यायचा कंटाळा. म्हणून ही चार वर्षं रोज दुपारी चारला बाळू तिला फोन करायचा. "किती झालं?" एवढाच प्रश्न. दोन लिटरच्या आत उत्तर आलं की हा फोन ठेवायचा नाही, तिला तिथेच प्यायला लावायचा. ती पाणी गिळत असताना हा गप्प बसून ऐकायचा.

दिवस उरकून लोक पांगले, त्यानंतरच्या सोमवारी चार वाजता माझा फोन वाजला. शकू होती. "भाऊ, काही काम नाही," म्हणाली. "दीड झालं..." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला नाही. थोड्या वेळाने पलीकडे पेला भरल्याचा आवाज आला.