तिसरं कारण

"म्होरं," ते म्हणायचे. एवढंच. डावा तळवा टेबलावर पालथा, मान किंचित खिडकीकडे आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सावकाश फिरत असलेला. वाचणारा जरा थांबला, पाणी प्यायला किंवा घड्याळाकडे बघायला लागला, की लगेच "म्होरं." घड्याळाकडे बघितलेलं त्यांना कसं कळायचं, हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही. डोळ्यांनी त्यांना काहीच दिसत नव्हतं. सहाव्या वर्षी गोवर आला आणि जाताना दृष्टी घेऊन गेला.

आमच्या सरकारी कचेरीत ते टेलिफोन ऑपरेटर होते. तुम्हीही कुठल्या ना कुठल्या जुन्या कचेरीत जिन्याखालची अशी खोली पाहिली असेल. एक टेबल, एक बोर्ड आणि त्यामागे बसलेला एक शांत माणूस. आपण त्याच्याकडे बघत नाही, कारण तोही आपल्याकडे बघत नसतो. मीसुद्धा सात वर्षं त्या खोलीवरून नुसता ये-जा करत होतो.

हल्ली साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या खिशात फोन. त्यामुळे त्यांचा बोर्ड दिवसातून पाच-सहा वेळा वाजला तरी खूप. उरलेल्या वेळात हा माणूस बाहेरून इंग्रजीत एम.ए. करत होता. हे कळल्यावर कचेरीला चघळायला विषय मिळाला. हेडक्लार्कनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, एम.ए. होऊन काय फोन इंग्रजीतनं उचलणार काय? ते म्हणाले, "आत्ताबी इंग्रजीतनंच उचलतोय की. हॅलो काय मराठी हाय व्हय?"

बाकीचे पेपर त्यांनी फोनमधल्या वाचून दाखवणाऱ्या आवाजावर सोडवले होते. एकच अडला होता, वसाहतीच्या काळातलं अमेरिकन साहित्य. म्हणजे अमेरिका हा देश व्हायच्याही आधी, इंग्लंडातून जहाजानं तिकडे गेलेल्या माणसांनी जे लिहून ठेवलं ते. रोजनिशा, पत्रं, थंडीच्या आणि पिकांच्या हकिगती, आणि प्रवचनं. प्रवचनांचं तर विचारूच नका. त्यांच्याकडे होती ती शेकडो वर्षांपूर्वीच्या छपाईच्या झेरॉक्सची झेरॉक्स. त्यातली काही अक्षरं आता कुणी वापरत नाही. फोनमधली बाई दोन ओळींतच बोबडी व्हायची.

या एका पेपरात ते तीनदा नापास झाले होते. पहिल्या वेळी वाचून दाखवणारी मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. दुसऱ्या वेळचा वाचणारा कंटाळून यायचाच बंद झाला. तिसऱ्या वेळी कुणी मिळालंच नाही. आता अभ्यासक्रम बदलणार होता आणि जुन्या अभ्यासक्रमाची एक शेवटची संधी उरली होती. ती हुकली की आधी पास केलेले सगळे पेपर पाण्यात. नोकरीत याचा काही फायदा आहे का, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, काडीचा न्हाय. अठरा वर्षं दुसऱ्याचं बोलणं दुसऱ्याला जोडून दिलं, एक तरी काम स्वतःचं म्हणून पुरं करायचं होतं.

माझी लायकीही सांगून टाकतो. दहावीपर्यंत इंग्रजी माध्यम, बारावी पास, बी.कॉम. अर्धवट. इंग्रजी मला खणखणीत वाचता येतं. कळतं, असं मी म्हणणार नाही. त्यांना नेमका असाच माणूस हवा होता. परीक्षेत त्यांनी सांगायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं. तो लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला असावा, असा नियम होता. म्हणजे वाचकही मी आणि लेखनिकही मीच. माझं अर्धवट बी.कॉम. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडलं.

जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास आणि रविवारी सकाळी त्यांच्या घरी दोन तास, असं आमचं वाचन चालायचं. पहिले काही आठवडे मी निव्वळ उपकार करत होतो. मग एके दिवशी, महिन्यापूर्वी वाचलेलं एक पान त्यांनी मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मी उच्चारांत केलेल्या चुकांसकट. चुका कुठल्या हे त्यांना ठाऊक होतं, पण त्या सुधारल्या तर मला वाईट वाटेल म्हणून त्यांनी तशाच ठेवल्या होत्या. ज्या डोक्यात असं पान बसतं, त्या डोक्यासमोर मी घड्याळ बघत बसत होतो.

हे साहित्य आपल्यासाठीच आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. ती माणसं थंडगार बाकांवर तासन् तास बसून प्रवचन ऐकायची आणि घरी गेल्यावर मुद्द्यांच्या क्रमानं ते पुन्हा सांगायची. पाद्रीही ऐकणाऱ्याच्या लक्षात राहावं म्हणून मुद्दे मोजून मांडायचा. "ह्ये कानाचं साहित्य हाय, मर्दा," ते म्हणायचे. "ह्या पेपरात डोळसच अडाणी."

एकदा आम्ही वाचत होतो ते एका वस्तीबद्दल होतं. स्वतःचा धर्म नीट पाळता यावा म्हणून समुद्र ओलांडून आलेल्या माणसांनी, वेगळं मत मांडणाऱ्यांना ऐन थंडीत वस्तीबाहेर काढलं होतं. मी आपला वाचत गेलो. त्यांनी "म्होरं" म्हटलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "छळलं म्हणून पळाली आणि पोचल्या पोचल्या दुसऱ्याला भायेर काढलं. गावकूस तिथंबी हुतंच की."

त्यांचे आजोबा छप्पन सालानंतर बौद्ध झालेले. त्यांचं गाव हुपरीच्या बाजूला, माझ्या आजोळापासून दोन कोसांवर. आजोळी त्यांच्या लोकांची वस्ती कुठे होती, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तिथून येणाऱ्या माणसाला आमच्या ओसरीवर कुठपर्यंत येऊ देत, हेही. मला त्या दिवशी लाज वाटली. ती त्यांना सांगावी एवढं धाडस मात्र झालं नाही. मी पान उलटलं.

आता माझ्या हातून जे घडलं ते सांगतो.

परीक्षेआधी तीन आठवड्यांवर आम्ही एक मोठं प्रवचन हातात घेतलं. पीक बुडालंय, रोगराई पसरलीय, सगळी वस्ती उपास धरून जमलीय आणि देव आपल्यावर का कोपला हे पाद्री सांगतोय, असा प्रसंग. आधी पाच कारणं, मग पुढे उपदेश. तो रविवार होता आणि मेहुण्याच्या गावची जत्रा होती. जत्रेतल्या मटणाची पहिली पंगत चुकवणारा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्माला यायचा आहे. दुसरं कारण संपता संपेना. तिसरं कारण अडीच पानांचं दिसलं. मी ती पानं आवाज न करता उलटली आणि थेट चौथं सुरू केलं. त्यांना शंका येऊ नये म्हणून चौथ्याला तिसरं म्हटलं आणि पाचव्याला चौथं. आंधळ्या माणसाला फसवायला एवढी अक्कल मला पुरली.

पुढचे उपदेश भराभरा वाचून संपवले. त्यांचा अंगठा पेरांवर फिरत होता. संपल्यावर तो एका पेरावर जरा थांबला. मग म्हणाले, "जा तू. जत्रा हाय न्हवं तुझी." त्यांच्या बायकोनं ठेवलेला चहाही न घेता मी निघालो.

ते प्रवचन पुन्हा वाचायचं राहूनच गेलं. बाकीचं बरंच होतं. खरं सांगायचं तर मी विसरलो.

परीक्षेत आम्हाला वेगळी खोली मिळाली होती. ते, मी आणि देखरेखीला एक मॅडम. लेखनिकानं प्रश्न वाचायचे आणि सांगितलेलं लिहायचं, मधे एक शब्द बोलायचा नाही, हे मॅडमनी दोनदा बजावलं. मी प्रश्नपत्रिका वाचू लागलो. सगळ्यात जास्त गुणांचा प्रश्न आला तेव्हा मी तो आधी मनात वाचला. प्रश्न त्याच प्रवचनावर होता. या प्रवचनातलं तिसरं कारण हाच सगळ्या युक्तिवादाचा गाभा आहे, चर्चा करा. त्याला पर्याय म्हणून एका रोजनिशीवरचा प्रश्न होता. ती रोजनिशी आम्ही तीनदा वाचलेली.

पहिला प्रश्न वाचायचाच नाही, असा विचार माझ्या मनात आला. नुसता पर्याय वाचला असता तर कुणाला कळणार होतं? ते तरले असते आणि मीही सुटलो असतो. पण आता पुन्हा काही गाळायची हिंमत होईना. मी दोन्ही प्रश्न वाचले. आवाज कापला असणार, कारण मॅडमनी मान वर करून बघितलं.

त्यांचा अंगठा पेरांवर गेला. एकदा फिरला. "पयलाच लिही," ते म्हणाले.

मला ओरडावंसं वाटलं. हे कारण तुम्ही ऐकलेलंच नाही, मी ते मटणासाठी खाल्लंय, असं सांगावंसं वाटलं. पण मॅडम समोर होत्या आणि नियम होता. मी पेन धरलं.

आणि ते सांगू लागले. कचेरीत कोल्हापुरी झाडणारा हा माणूस संथ, स्वच्छ इंग्रजीत वाक्यामागून वाक्य सांगत होता. पाद्र्याचे शब्द म्हणून त्यांनी एकही वाक्य सांगितलं नाही. त्यांनी उपदेशापासून सुरुवात केली. पाच कारणांना पाच उपदेश जोडलेले आहेत. त्यातला तिसरा म्हणतो, संध्याकाळी दाराला अडसर घालण्याआधी वाटेवर कुणी आहे का बघा. ज्याला हे औषध द्यावं लागतं त्याचा रोग काय असेल, असं विचारत ते मागे मागे गेले. मग म्हणाले की इथं बसलेली सगळी माणसं एकदा कुणाच्या तरी दाराबाहेर उभी होती. दार किती जाड असतं हे बाहेरच्यालाच कळतं. आतल्याला फक्त ऊब कळते. ज्यानं बाहेरचं सोसलं आणि आत आल्यावर तेच दार दुसऱ्यावर लावलं, त्याचा अपराध बाकी चार अपराधांपेक्षा मोठा, म्हणून हा मुद्दा बरोबर मधोमध आहे.

मी लिहीत होतो. मला कधी नव्हे ते इंग्रजी कळत होतं. शेजारी बसलेल्या या माणसाएवढा मोठा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि सात वर्षं मी त्याच्या दारावरून नुसता जात-येत होतो.

बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरून पायऱ्या उतरलो. खाली झाडाच्या कट्ट्यावर बसवलं आणि विचारलं, "दादा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय. कारणं चार आणि उपदेश पाच. एक पेर शिल्लक ऱ्हायलं. तिसऱ्या उपदेशाला जोडीचं कारणच न्हवतं."

"मग तेव्हाच बोलला का नाही?"

"बोललो असतो तर फुडच्या रविवारी तू आला नसतास," ते म्हणाले. "एक मुद्दा गेला तर भरून काढता येतो. वाचणारा गेला तर काय करू मी?"

मला त्यांच्याकडे बघवेना. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस माझ्यासारख्याची मर्जी सांभाळत तीन आठवडे गप्प बसला होता. मी माफी मागितली. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि रिक्षा बघ म्हणाले.

घरी जाऊन मी ती अडीच पानं शब्दकोश घेऊन वाचली. दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या खोलीत जाऊन म्हटलं, वाचून दाखवतो. त्यांनी हात वर केला. निकाल लागू दे, म्हणाले, तोवर माझंच तिसरं खरं.

निकालाआधीच आमच्या कचेरीतला बोर्ड काढून टाकला आणि त्यांना मलकापूरच्या कार्यालयात हलवलं. जाताना त्यांच्याकडे एक पिशवी आणि पांढरी काठी एवढंच होतं. जिन्याखालच्या खोलीत आता जुन्या फायली रचल्यात. जेवणाच्या सुट्टीत मी कुठे बसावं हे मला बरेच दिवस समजत नव्हतं.

निकाल मीच कॉम्प्युटरवर बघितला. मलकापूरच्या कार्यालयाला फोन लावला. त्यांनीच उचलला. मी आकडे वाचून दाखवले आणि पास असं म्हटलं. पलीकडून काहीच आवाज आला नाही. फोन कट झाला की काय म्हणून मी हॅलो, हॅलो करत राहिलो.

"आयकतोय," ते म्हणाले. आवाज ओला होता. "पानं हायत जवळ? वाच आता."

पानं टेबलाच्या खणातच होती. मी अडीचच्या अडीच पानं वाचली, एक शब्द न गाळता. आजूबाजूचे कारकून काम सोडून बघत होते. पाद्र्यानं चांगलंच सांगितलं होतं. परक्याला आत घ्या, त्याला विस्तवाजवळ बसवा, भाकरी द्या, देव बघतोय. संपल्यावर मी थांबलो.

"बराबर हाय त्याचं," ते सावकाश म्हणाले. "पर त्येनं आत बसून सांगितलंय. मी भायेर उभा ऱ्हाऊन सांगितलं."

मग म्हणाले, ठेव आता, दुसरी लाइन वाजायला लागलीय.