माकडवाले सर आणि एक शब्द

कॉलेजात त्यांना सगळे माकडवाले सर म्हणत. जीवशास्त्राच्या पहिल्याच तासाला ते मुलांना स्वतःचा अंगठा निरखायला लावत आणि तिथून थेट वानरांवर घसरत. निवृत्तीनंतर ते वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत उत्क्रांतीवर लिहू लागले. माणूस चहाड्या का करतो, गोड दिसले की हात का आवरत नाही, असे विषय. लेख आधी मला वाचायला देत. मी कॉलेजच्या हिशेब खात्यातला आणि त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहणारा. "तुला कळलं म्हणजे कुणालाही कळेल," असे तोंडावर सांगत.

तो लेख मुलांवरच्या मायेचा होता. पिलांसाठी कोणता प्राणी किती झिजतो इथून सुरू होऊन तो माणसावर आला होता. सावत्र बापाची माया सरासरीने थोडी कमीच भरते, असे शेवटी लिहिले होते. रविवारी तो छापून आला. सोमवारी सरांना मुलीचा फोन आला.

"काका, आईकडे द्या."

मुलगी सहा वर्षांची असताना आईबरोबर या घरात आली. सुरुवातीला सरांना काका म्हणे. एकदा सायकलवरून पडली आणि ओरडली ती "बाबा!" म्हणून. त्यानंतर लग्न होऊन सासरी गेली तरी दुसरी हाक नाही. सावत्र हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. तो आला तो छापूनच.

त्या दिवसापासून सरांचे बूड खुर्चीला टेकेना. लेखांचे पुस्तक निघत होते. प्रुफे टेबलावर पडून होती आणि छापखान्यातून तगादा सुरू होता. सर ते प्रकरण उघडत, मिटत, खिडकीशी जात, परत येत. वर माझ्या घरात त्यांच्या चपलांची फटफट ऐकू येई.

"काढून टाका ना ते वाक्य," मी म्हणालो.

"खोटं असतं तर काढलं असतं रे."

"मग ठेवा."

"तुला सांगायला काय जातंय? तुला कुणी काका म्हणालंय का असं?"

"मला अख्खी इमारत काका म्हणते."

ते हसले नाहीत.

"माणसाच्या स्वभावावर पुस्तक लिहितायत," आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "आणि पोरगी का रुसली ते विचारायला फोन उचलवत नाही. मीच बोलावलंय तिला."

ती आली, चप्पल काढून थेट टेबलापाशी गेली आणि उभ्यानेच ते पान वाचले.

"मोजल्याशिवाय बोलू नये, हे तुम्हीच शिकवलंत ना? मग सांगा, किती कमी?"

"अगं, ती हजारो घरांची सरासरी. त्यात आपलं घर नाही."

"मग कुठल्या घरात बसून लिहिलंत?"

सर उठले, बसले, पुन्हा उठले. "थांब, उडवतोच ते पान."

"माझ्यासाठी शास्त्र नका उडवू. पण लिहिणारा कोण, तेवढं तरी लिहा."

सरांनी पेन घेतले. 'हे लिहिणारा स्वतः' इथपर्यंत हात भरभर चालला आणि अडला. पुढचा शब्द तोच होता. पेनाचे टोपण लावले, काढले. बायको चहाचे कप घेऊन दारातच थबकली. शेवटी त्यांनी लिहिले: 'हे लिहिणारा स्वतः सावत्र बाप आहे. आपल्या बाबतीत हे खरे नाही, असे त्याला वाटते. पण तसे कुणालाही वाटणारच.'

तिने वाचले. "ते शेवटचं लिहिल्याशिवाय राहवलं नाही ना?"

"नाही राहवलं."

चहा झाला. ती चप्पल घालून दारात वळली, "येते," म्हणाली आणि जिना उतरली.

सर खिडकीशी गेले. "काय म्हणाली रे?"

"येते म्हणाली."

"त्याच्या आधी?"

"काही नाही."

"म्हणजे काका नाही म्हणाली?"

"नाही."

ते टेबलाशी आले, प्रुफे उचलली, ठेवली. मी वर गेलो तेव्हा पायाखाली पुन्हा चपला वाजू लागल्या होत्या.